धुतलेली वाळू

१२ एप्रिल
लग्न होऊन दिवेआगरला आले तेव्हा न्हाणी परसात होती, नारळीच्या झापांची. दाराला गोणपाट. कॉन्व्हेंटात वाढलेली मी, त्या गोणपाटाचीच धास्ती. हे बाहेर उलट्या बादलीवर बसून राखण करायचे. आतून मी, "आहात ना?" "आहे गं." जरा वेळाने पुन्हा, "आहात?" "आहे. साबण लाव."
झापांनी कधी ओल धरली नाही. आज आठवलं, कारण न्हाणीघराचा रंग परत फुगलाय. बोट लावलं तर पापडासारखा सुटून हातात आला.

१४ एप्रिल
मेधाचा पनवेलहून फोन. माझा खोकला ऐकला तिने. "आई, त्या ओलीत रोज आंघोळ करतेस. पावसाआधी भिंत सुकली तर राहा. नाहीतर घर बंद करून इकडे यायचं. या वेळी ऐकणार नाही." चिडली की लेकीचा आवाज थेट यांच्यासारखा. बरं म्हटलं.
तिच्या खिडकीतून फक्त दुसऱ्यांच्या खिडक्या दिसतात.

१६ एप्रिल
बोर्लीहून नथू रंगारी आला. दिवाळीत वॉटरप्रूफ रंग त्यानेच लावला होता.
"काकी, दोनदा रंग मारला. भिंतीलाच पसंत न्हाय."
"मग विचार तिला, काय हवंय."
"ती तुमच्यासारखीच हाय. सांगतच न्हाय."
हसले. मग खोकले. त्याचं म्हणणं, बंबाची वाफ कोंडते, खिडकी उघडी ठेवा. शेजारी पर्यटकांच्या खोल्या झाल्या तेव्हा मीच ती खिळे ठोकून बंद केलेली.

१९ एप्रिल
खिडकी उघडली. शाळेत सिस्टरनी विणायला शिकवलेला क्रोशाचा पडदा तिथे लावला. आंघोळ करताना उगीच तोंडात आलं, "आहात ना?"

२२ एप्रिल
भिंत तशीच. मोबाइलवर पाहिलं: प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला चारी बाजूंनी चिकटवायचा. प्लॅस्टिकवर पाणी बाहेरून धरलं तर खोलीतली वाफ, आतून धरलं तर ओल भिंतीतच. दुधाची पिशवी कापून लावली. कंबर गेली.

२४ एप्रिल
आतून धरलंय. म्हणजे वाफ नव्हे. त्या भिंतीत नळही नाही.
शेजारच्या शालूवहिनी बघायला आल्या. रंगाच्या पोपड्याखाली पांढरं पीठ. मी बोटाने जिभेवर घेतलं.
"अहो माई, भिंत काय चाटता! या वयात डोहाळे?"
खारट. चांगलंच खारट.

२५ एप्रिल
आता कळलं. वादळात माड पडून न्हाणीघर गेलं होतं. नदीची वाळू कुठे मिळेना, सगळे किनाऱ्याची आणत होते. हे म्हणाले, आपण धुऊन घेऊ. स्वतः घमेल्यात धूत बसले. मला हाक मारून दाखवली, "बघ, साखरेसारखी झालीय." धुतली विहिरीच्या पाण्याने. आणि त्या वर्षी विहिरीला खारं पाणी चढलेलं, प्यायला टँकरचं घेत होतो. दोघांच्याही डोक्यात आलं नाही.
गिलावाही यांनीच केला. पुढच्या पावसाळ्यात गेले. हातचं शेवटचं काम ते.

२८ एप्रिल
नथू: "मीठ ओल खेचतंय. मग रंग कितीबी मारा, उपेग न्हाय. गिलावा चिऱ्यापर्यंत काढायला लागेल."
चहा दिला.

३ मे
फोड म्हटलं.
मी वाडीत जाऊन बसले. छिन्नीचा आवाज तिथेही. फोडलेला गिलावा वाडीत टाकू का, विचारायला नथू आला. नको. सुपारीच्या मुळाशी मीठ नको. रस्त्याकडेला टाक.

१५ मे
उघडा जांभ्याचा चिरा. टँकरच्या पाण्याने धुवायचा, सुकवायचा, वर आलेलं पांढरं ब्रशने झाडायचं, परत धुवायचा. कमी होतंय, पण येतंय. खोकलाही तसाच. कंटाळा आला आहे. कशाचा ते कळत नाही.

२६ मे
दिघीच्या बाजूला आभाळ भरून आलं. नथू म्हणतो, "चिरा अजून ओला हाय. आता गिलावा घाईत केला तर परत तीच कथा. पाऊस सरू दे, काकी."
मेधा: "शब्द दिला होतास, आई." दिला होता.

३० मे
उद्या मेधा गाडी घेऊन येईल. बॅग भरली. बाकीचं लिहून ठेवते.
बंब शालूवहिनींना. वापरावा, नुसता चिंचेने घासून ठेवू नये. मांजर त्यांच्याकडेच जेवतं, त्यामुळे ते दिल्यातच जमा.
लोणच्याची बरणी नथूच्या बायकोला.
यांची थापी नथूला. पण नवा गिलावा त्याच थापीने करायचा. वाळू नदीची, पाणी गोडं. नंतर साधा चुना, वॉटरप्रूफ काही नको. भिंतीला श्वास घेऊ दे.
क्रोशाचा पडदा कुणालाच नाही. खिडकीलाच राहू दे.
मेधाला तूर्त काही नाही. मला नेतेय, तेवढं पुरे.
एक चावी नथूकडे. पाऊस नसेल तेव्हा येऊन खिडकी उघडायची, भिंतीला प्लॅस्टिक लावून बघायचं, मला कळवायचं.
दुसरी चावी माझ्याकडे. मेधाने मागितली तरी द्यायची नाही.