न वाकता लाकूड कापायचं

प्रिय दादा,

तुझं खोकं मंगळवारी पोचलं. आत तुझी चेनची करवत, बाबांचा तो कमानीचा बार आणि वर तुझी चिठ्ठी: माझ्या करवतीला बसव, लवकर. ना कशी आहेस, ना मुलगी काय करते. दुरुस्तीचं दुकान बहिणीचं असलं की गिऱ्हाईक असंच माजतं.

असा बार माझ्याकडे वीस वर्षांत दुसरा आलेला नाही. नेहमीचा बार, म्हणजे चेन जिच्या कडेने फिरते ती लोखंडी पट्टी, सरळ असतो. हा धनुष्यासारखा वाकवलेला, मधे पोकळ, आणि चेन बाहेरच्या कडेने फिरते. शेजारचा वेल्डर येऊन, ही करवत आहे की झोपाळा, असं विचारून गेला.

बसवला. उपकार म्हणून नाही, मलाच खुमखुमी होती. मागच्या आवारात ओंडके आडवे टाकले आणि उभ्याउभ्या कापत सुटले. खरं सांगते, मजा आली. कंबर वाकवावी लागत नाही, आणि कापताना ओंडक्यातली खाच मिटत आली तरी बार सहसा चिमटीत अडकत नाही. पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी वाकायची बंदी केली आणि तुला हाच का आठवला, ते अर्ध्या तासात कळलं. बाबांनीही शेवटची वर्षं याच्याच जोरावर काढली. मी तर तुला शाबासकी द्यायला फोन करणार होते.

तेवढ्यात कमानीला वरच्या बाजूने एक फांदी लागली. करंगळीएवढी. करवत उसळून थेट तोंडाकडे आली. टोकाला काही लागलं की सरळ बारही उसळतो, पण त्याचं टोक केवढंसं. याची सगळी गोलाई म्हणजे टोकच. कमानीखालचा टोकदार खुंटा लाकडात नीट रोवून धरला तरच हे धूड ताब्यात राहतं, आणि एवढं करूनही मनगटात जोर लागतो. मी सावरलं ते डाव्या हाताने. पुढची मूठ त्याच हातात असते, हे तूच मला शिकवलंस.

आणि तिथेच माझं डोकं अडकलं. गेल्या महिन्यात आलास तेव्हा बुटाची नाडी माझ्या मुलीकडून बांधून घेतलीस. वाकता येत नाही म्हणालास, मी मान डोलावली. पण शर्टाची बटणं लावायला कुठे वाकावं लागतं? तीही उघडीच होती. वहिनीला विचारलं तर ती फोनवर रडायलाच लागली. डाव्या हाताची बोटं चार महिने बधिर आहेत आणि डॉक्टरांना तू एका शब्दाने सांगितलेलं नाहीस. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण दादा, तुझी मूठच वळत नाहीये! मला इतका राग आला तुझा. आणि भीती वाटली, ती त्याहून जास्त.

सोळाव्या वर्षापासून तू करवतीशिवाय दुसरं काही केलेलं नाहीस. ती सुटली तर आपण कोण उरणार, हे तू कुणाला विचारणारही नाहीस. 

फोनवर बोलायची हिंमत होईना, म्हणून हे पत्र. काल दुपारी मी बार शिकंज्यात धरला आणि ग्राइंडरने त्याचे दोन तुकडे केले. बाबांची तेवढी एकच वस्तू तुझ्याकडे होती, ठाऊक आहे. कापताना ढसाढसा रडले. नुसता परत पाठवला असता तर तू दुसऱ्या कुणाकडून बसवून घेतला असतास. आता मनसोक्त शिव्या घाल. पण इथे येऊन घाल. हाताच्या डॉक्टरांची शुक्रवारची वेळ घेतली आहे, सकाळी अकराची.

तुझीच,
कटकट