जानेवारीची बाटली

३ मार्च, सोमवार
मेला म्हणे! मी बनवलेला बावीस नंबरचा रेणू मेला! पेशींवर चाचण्या घेणाऱ्या त्या पेशीवालीनं भर बैठकीत जाहीर केलं, "तुझी नवी बॅच काहीच करत नाही गं." पेशींना 'वाढा, वाढा' असा हुकूम सोडणारं ते प्रोटीन— जानेवारीत याच रेणूनं त्याला बूच बसवलं होतं, कॅन्सरच्या पेशी वाढायच्या थांबल्या होत्या! आणि या वेळी तर मी तो पाच वेळा शुद्ध करून दिलाय. दोष माझा? हिच्या पेशीच आळशी!

४ मार्च
साहेब म्हणाले, "शुक्रवारपर्यंत चालला तर ठीक, नाहीतर प्रकल्प बंद." सहा वर्षं! चहा संपला म्हणावं तसं म्हणाले.

५ मार्च, बुधवार
पुन्हा शून्य. पेशीवाली दारात उभी. "जानेवारीची बाटली आहे ना? थोडं दे, दोन्ही शेजारी-शेजारी लावून बघते." डोकंच सणकलं. म्हणजे मी चोर आणि ही हवालदार! तिच्या डोळ्यांदेखत ती बाटली टाकाऊ रसायनांच्या डब्यात ओतली. "अशुद्धच होती ती. बघ आता काय बघायचं ते!" ती वळून निघून गेली. त्याचाही राग आला.

मग साहेबांना लेखी तक्रार पाठवली— हिचं काम बेजबाबदार आहे, हिला प्रकल्पातून काढा. बरं वाटलं.

संध्याकाळी नवरा म्हणे, "पण बाटली कशाला ओतलीस?" याला काय कळतंय! जेवले नाही.

६ मार्च
दिवसभर दार आतून लावून काम केलं.

७ मार्च, शुक्रवार
बैठकीत पेशीवालीनं टेबलावर एक कुपी ठेवली. जानेवारीच्या चाचणीतून उरलेले चार थेंब, तिनं फ्रीजमध्ये जपलेले. वर तिच्या अक्षरात— 'बाईसाहेबांचा बावीस'.

"यात दोन टक्के भलतंच काहीतरी आहे. वेगळं काढून पेशींवर टाकलं— प्रोटीन गप्प! तुझा शुद्ध बावीस मात्र ढिम्म."

म्हणजे बावीस कधी चाललाच नव्हता. मी पाच वेळा धुऊन काढला तो मळच चालत होता! आणि तोच मी डब्यात ओतला. साहेबांनी सहा महिने वाढवून दिले. आता जानेवारीइतकं गचाळ काम पुन्हा जमवायचंय. स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

८ मार्च
माफी मागून तक्रारीचं सांगायला गेले. "माहितीये," ती म्हणाली. साहेबांनी तिला ती बुधवारीच वाचायला दिली होती. ती वाचून मग तिनं फ्रीज उघडला.