नंतर विचारा

३ मार्च
आलो एकदाचे! दोन खोल्या, तिसरा मजला, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. ताईने आल्या आल्या ओटा घासून काढला आणि लग्नानंतर पहिल्यांदाच मोठ्याने गाणं म्हटलं. ताई भावजींना सोडून आलीय; आम्ही कुठे आहोत हे त्यांना ठाऊक नाही. माझ्या मेलवर त्यांच्या विनवण्यांची रांग लागलीय, कधी रडगाणं, कधी धमकी. मी एकालाही उत्तर देत नाही. उद्यापासून भाषांतराच्या कचेरीत रुजू. त्यासाठी लॅपटॉपही नवाकोरा घेतला.

५ मार्च
कचेरी छान आहे, मॅडम भल्या वाटतात. लॅपटॉपमध्ये ‘सोबती’ नावाचा मदतनीस निघाला. पडद्यावरचं सगळं वाचून तो लक्षात ठेवणार म्हणे. खाली दोन बटणं: ‘होय’ आणि ‘नंतर विचारा’. ‘नाही’ कुठेच नाही! दारावर आलेल्या विक्रेत्यालासुद्धा आपण नको म्हणू शकतो की. ‘नंतर विचारा’ दाबलं आणि आईला लांबलचक मेल लिहिला: गल्ली, घर, खिडक्यांना घ्यायचे पडदे, आणि ताई दुपारभर एकटी असते तरी आता दचकत नाही, हेही.

११ मार्च
डोकं फिरलंय. सकाळी अपडेट आला आणि सोबती आपोआप चालू! बंद केला. जेवून आले तर पुन्हा चालू, वर लाडीगोडी, की पडदे शोधून देऊ का? अरे, तुला विचारलंय कोणी? पडद्यांचं मी फक्त आईला लिहिलं होतं.
कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला म्हणाला, ही सिस्टिमच पुसून टाका, दुसरी फुकट मिळते, ती असला चोंबडेपणा करत नाही. मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, कचेरीचा प्रोग्रॅम दुसरीवर चालत नाही, नोकरी करायची तर हीच ठेवा. आणि एवढं लपवण्यासारखं तुमच्याकडे आहे तरी काय? तळपायाची आग मस्तकात गेली. ताईचा फोन तपासताना भावजी अगदी हेच म्हणायचे, याच गोड आवाजात. पण घरभाडं माझ्या पगारावर आहे. लॅपटॉप उचलून कामाला लागले.

१६ मार्च
आज सोबती विचारतो, कुटुंब जोडायचं? शेजारी भावजींचा फोटो. लग्नातला, हसरा.
ताईला सांगितलं नाही. लॅपटॉप मिटून ठेवला.

१८ मार्च
खड्ड्यात गेली ती नोकरी. जेवणाच्या सुट्टीत निघाले, लॅपटॉप घेऊन थेट दुरुस्तीवाल्याकडे. त्याच्या बाकावर बसून वहीत लिहितेय. तो आधी माझे मेल उतरवून घेतोय, मग सगळं पुसणार. पुस बाबा, काही म्हणजे काही ठेवू नकोस.

त्याने हाक मारली. म्हणतो, हे एक उत्तर सोबतीने पाठवलेलं दिसतंय, ‘रखडलेल्या मेलना उत्तरे’ म्हणून. ठेवायचं का?
मी कुणालाच उत्तर —

भावजींना. परवा. माझ्याच भाषेत, आईला लिहिते तसं लाडिक. गल्ली, मजला, सगळं. ताई दुपारी एकटीच असते, जरूर या. खाली माझं नाव. माझं!
हलकट! कुणी दिला अधिकार यांना, कुणी —

ताईला फोन लावलाय. हात नुसता चालतोय, काय लिहितेय — रिंग वाजतेय. उचल गं. उचल ना —

उचलला.
ताई नाही. भावजी. शांतपणे म्हणतायत, बरं झालं तू कळवलंस, नाहीतर ही मला सापडलीच न—