पुस्तकाचा पहिला अर्धा

प्रिय वहिनी,

हा शब्द आता आपल्या घरात चालत नाही, पण तुला दुसरी हाक मारायला माझी जीभ वळत नाही.

आपल्या त्या भुताच्या प्रेमकथेचा पाचवा भाग आला. आणला आणि सवयीनं सुरीनं मधोमध कापला. पहिला अर्धा तुझा, दुसरा माझा. कापल्यावर आठवलं की तू नाहीस. तरी मी माझा अर्धाच वाचला.

अगं, भुताला शरीर मिळालं! नायिकेनं पहिल्यांदा त्याचा हात हातात धरला तेव्हा मी ढसाढसा रडले. पण पुढे काय, तर तो घोरतो, ओला टॉवेल पलंगावर टाकतो आणि दोघं गळक्या नळावरून भांडतात. "भूत होता तेव्हाच बरा होता मेला," मी मोठ्यानं म्हणाले. दादानं जेवता जेवता मान वर केली.

"कोण?"

"कोणी नाही."

आमचं दिवसभरातलं बोलणं तेवढंच.

कपडे वाळत घालताना तू मला सुरुवात सांगायचीस आणि मी तुला शेवट. तुमच्या संसाराचाही मला शेवटच ठाऊक आहे: उघडं दार, तुझी बॅग, खाली थांबलेली टॅक्सी. सुरुवात कशी होती गं? दादाला विचारायची सोय नाही.

पहिला अर्धा कपाटात तुझ्या रिकाम्या कप्प्यात ठेवलाय. मी तो वाचणार नाही. सुरुवात तू सांगायचीस, असं ठरलंय आपलं.

तुझी, अजूनही,
नणंद