न दिलेली फुंकर

६ नोव्हेंबर
आजचा प्रकार तपशिलात लिहून ठेवतो. कोर्टात शेवटी तपशीलच जिंकतो.
सकाळी यॅरोच्या खोऱ्यात एका मेंढपाळाचं दफन. नंतर त्याच्या घरी व्हिस्की. मयताच्या घरचा पेला नाकारणं म्हणजे मयताचा अपमान, हे आमच्या अंत्यविधीच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं. मी अपमान केला नाही. शेजारी त्याच्या भावाचं घर. तिथेही केला नाही. दुपारी हॉस्पिटलातून फोन : इना प्रिंगल गेल्या, घेऊन जा. इनाबाई जन्मभर दारूबंदीवाल्या. त्यांना शववाहिकेत नीट ठेवून सेलकर्कला निघालो, तर वाटेत पोलीस. बाई, तरुण. म्हणे गाडी गटाराकडे चालली होती. म्हटलं, रस्त्याचा उतारच तिकडे आहे. एक छोटं यंत्र पुढे करून म्हणाली, काका, यात फुंका. म्हटलं, माझा वकील येईपर्यंत थांबा. ठाण्यातल्या मोठ्या यंत्रासमोरही तेच म्हणालो, शांतपणे. म्हणाली, वकिलासाठी थांबता येत नाही, थांबणं म्हणजे नकार, आणि नकार हाच गुन्हा. पोरीला कायदा कच्चा शिकवलाय. ठाण्यातला एक पोरगा मात्र सभ्य. माझी रेशमी उंच टोपी शेवटपर्यंत धरून उभा होता, तीही कडेने, रेशमाला बोट न लावता.
इनाबाई तोवर रस्त्याच्या कडेला, गाडीत. माझी मुलगी किर्स्टीन गेली आणि घेऊन आली. घरी माझ्याशी बोलली नाही. थकली असेल.

७ नोव्हेंबर
संकल्प : यापुढे पेला फक्त ओठाला लावायचा.
कायदा स्वच्छ आहे. फुंकर नाही तर आकडा नाही, आकडा नाही तर दारू नाही. शिवाय आमच्या स्कॉटलंडात एका साक्षीदारावर कुणाला दोषी धरत नाहीत, दोन लागतात. हे मी जुन्या बाजारात घेतलेल्या जाड ग्रंथातून स्वतः शिकलो, कॉलेजात बाकं झिजवून नव्हे. माझ्याविरुद्ध ती पोरगी एकटी. दुसरा साक्षीदार म्हणायचा तर इनाबाई. त्या आता काय बोलणार?
हे लिहीत असताना खाली, मयतं ठेवायच्या शीतगृहात कुणीतरी खाकरलं. पाण्याचा पाइप.

१३ नोव्हेंबर
इनाबाईंचं दफन. गाडी मीच चालवली. निकाल लागेपर्यंत तो माझा हक्क. किर्स्टीन म्हणाली, बाबा, निदान यांना तरी मला नेऊ द्या. म्हटलं, गाडीचं पितळ कसं पुसायचं ते आधी शीक.
चर्चच्या वळणावर मागून पुन्हा खाकरणं. गिअर असावा.
इनाबाईंच्या बहिणीने माझा हात धरला. म्हणाली, फार व्यवस्थित केलंत हो. तिला जन्मभर एकच भीती, एकटं पडण्याची. म्हटलं, आम्ही त्यांना क्षणभरही एकटं सोडलं नाही.
पेला संकल्पाप्रमाणे फक्त ओठाला लावला. ओठ जरा जास्त वेळ उघडे राहिले.

४ डिसेंबर
मिस गॅलब्रेथ, वकील. वय कमी, शिक्षण जास्त. विचारलं, नकार दिलात का? म्हटलं, मुळीच नाही, थांबा म्हटलं. म्हणाली, अहो हिस्लॉप, तोच नकार. तुम्ही किती प्यायलात हे कुणी विचारणारच नाही. चहा पिऊन नकार दिला असतात तरी कमीत कमी वर्षभर लायसन्स गेलंच असतं. मी दोन साक्षीदारांचा मुद्दा मांडला. तिने डोळे मिटले. प्रभावित झाली असावी.
म्हणाली, ठाण्यात आणखी कोण होतं? म्हटलं, कुणी नाही. एक पोरगा होता, पण तो टोपी धरायला.

२२ डिसेंबर
टॅम लेडलॉ फार खंगलाय. आयुष्यभर त्याने खड्डे खणले आणि मी माणसं पोचवली. अंथरुणातून म्हणाला, राब्या, लेका, मला तूच न्यायचं हं. आणि शुद्धीत ये, नाहीतर वाटेत उठून बसेन. मी वचन दिलं. टॅम म्हणाला, वकिलाला विचारून दे.
टॅमसाठी तरी ही केस जिंकायलाच हवी. जिंकणारच.

९ जानेवारी
एक चमत्कारिक गोष्ट. शववाहिकेच्या मागच्या काचा आतून धुरकटतात. सकाळी पुसल्या, दुपारी पुन्हा तशाच. गाडी रिकामी, बंद, थंडगार. रबर कुजलं असेल म्हणून नवं रबर बसवलं. जेवून येतो तो पुन्हा वाफ, आणि तीही सगळ्या काचेवर नाही. पेटीत डोकं जिथे येतं, तिथेच. टीचभर गोल. मोठा होई, लहान होई.
आत बसून पाहिलं. श्वास रोखून धरला, म्हणजे माझा नाही हे सिद्ध व्हावं. गोल मोठा झाला.
किर्स्टीनला बोलावलं. तिने पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, बाबा, तुम्ही एकदा फुंकलं असतंत तर. आणि निघून गेली.

१९ फेब्रुवारी
कोर्ट. टोपीवाला पोरगा साक्षीला. ठाण्यातला माझा शब्द न् शब्द सांगितला, वर टोपीच्या आतलं अस्तर जांभळं आहे हेही. इतकं बारीक निरीक्षण मी स्वतः केलं नसतं. न्यायाधीशबाईंनी विचारलं, काही सांगायचंय? मी ग्रंथातलं पान काढलं. त्या म्हणाल्या, हिस्लॉप, दोन साक्षीदार झाले.
वर्षभर बंदी. मिस गॅलब्रेथ म्हणाली, कमीत कमी तेवढीच झाली. म्हणजे एका अर्थी जिंकलोच.
कोर्टात मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. मी वळून पाहिलं नाही.

५ मार्च
टॅमला आज अ‍ॅशकर्कला पुरलं.
शववाहिका किर्स्टीनने चालवली. म्हणाली, बाबा, शेजारी बसा ना. म्हटलं, मी उतारू म्हणून जात नसतो. टोपी घातली आणि हॉइकची बस पकडली. विचार असा, की आधी पोचून फाटकाशी उभं राहावं. पेटी खड्ड्यात सोडायच्या दोऱ्यांपैकी पहिली दोरी टॅमने माझ्या नावाने ठेवली होती.
गावाबाहेर बस नेमकी शववाहिकेमागे अडकली. टोपी कुणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून मांडीवर घेतली. पुढे बसलेली एक बाई ड्रायव्हरला म्हणाली, पोरगी काय सुरेख चालवते रे, दोरीत बांधल्यासारखी. तो म्हणाला, नाहीतर तिचा बाप. बाई म्हणाली, अगं बाई, त्याची गाडी दिसली की आम्ही टोप्या काढून, जीव मुठीत धरून भिंतीला चिकटायचो. त्याला वाटायचं, मयताला मान देतात. बस सगळी हसली.
मला तेच वाटायचं.
अ‍ॅशकर्क आलं. किर्स्टीन हळूच आत वळली. दोऱ्या धरणारे फाटकाशी उभे होते, एकाची जागा मोकळी ठेवून. उतरायचं तर घंटी दाबायला हवी होती. पण घंटी वाजली की सगळे वळून बघतात.
मी टोपी कोटाखाली घेतली आणि हॉइकपर्यंत गेलो.