हाक मारता येईल असं नाव

१० ऑक्टोबर १९३८, आमगाव

थोरला आज बाजारात हरवला! धानाच्या पोत्यांमागे गेला नि दिसेनासा झाला. माझं पोट हे एवढं — धावता येईना. नाव घेऊन ओरडावं तर त्याचं नाव केशोराव, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. सासरे वारले, तरी सुनेने ते नाव तोंडातून काढायचं नाही. मग "अरे थोरल्या, ए थोरल्या" करत फिरले. बाजारातल्या सगळ्या घरांचे थोरले वळून पाहू लागले. एक तर पन्नाशीचा होता. माझा मात्र जिलेबीवाल्यासमोर तोंड उघडं टाकून उभा.

तेवढ्यात सालेकशाकडच्या एका बाईने डोक्यावरचं टोपलं न उतरवता हाक दिली — "मनीराम रे!" — आणि पार त्या टोकाहून तिचं पोट्टं धावत आलं. मला इतका हेवा वाटला की रडूच आलं. घरी येऊन थोरल्याला एक ठेवून दिली.

११ ऑक्टोबर

लिहायला तर कोणी मना केलं नाही. केशोराव. केशोराव. आणि धाकटा — दौलतराव, चुलतसासऱ्यांच्या नावाचा. घ्या!

१६ ऑक्टोबर

सासूबाईंनी तिसऱ्याचं नाव ठरवून टाकलं. ह्यांच्या आजोबांचं. आता ते सासूबाईंचे सासरे, म्हणजे त्यांनाही ते नाव घेता येत नाही. ह्यांना समोर बसवलं आणि म्हणायला लावलं — केशोराव, दौलतराव, भिवराव. पुन्हा म्हण. पुन्हा. हे शाळेतल्या पोरासारखे म्हणत होते आणि त्या डोळे मिटून ऐकत होत्या. "ओळ कशी बसते पाह्य," म्हणाल्या.

मुलगी झाली तर बायजाबाई, आजेसासूबाईंचं. म्हणजे पोटात कोणी का असेना, माझं तोंड बंदच. लाडाचं बारकं नाव ठेवू का विचारलं, तर पूर्वजांचं नाव मोडलं की पाप लागतं म्हणे. आमच्या घरात लेकरं जन्मत नाहीत, म्हातारेच परत येऊन राहिले.

सासूबाईंची तर आणखी तऱ्हा. थोरल्यात त्यांना नवरा दिसतो. काल तो न्हाणीतून नागडाच बाहेर पळाला, तर त्यांनी झटकन डोक्यावर पदर ओढला. जेवायच्या वेळी त्याला "या, बसा" म्हणतात. तोही लबाड, पाट सरळ करून दिल्याशिवाय बसत नाही. मी इतकी हसले की पोटातल्याने लाथ मारली.

२२ ऑक्टोबर

ह्यांना विचारलं. "आई म्हणेल ते." हे वाक्य ह्यांच्या कपाळावर गोंदवून आणायला पाहिजे.

५ नोव्हेंबर

नणंद आल्या गोंदियाहून, शकुंतलाबाई. बारशापर्यंत आहेत. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान त्यांचा, आत्या ना! आणि आत्याने एकदा कानात घातलेलं नाव ब्रह्मदेव आला तरी फिरत नाही, असं सासूबाईच सांगतात.

दुपारी त्यांची वेणी घालता घालता मनातलं बोलून टाकलं. एक तरी लेकरू मला नावाने बोलवायचं आहे, बस. आधी चिडल्या. भिवराव त्यांचेही आजोबाच. मग हातातला आरसा पालथा घातला.

"माझ्या मुन्नाचं खरं नाव मलेच घेता येत नाही, वहिनी," म्हणाल्या.

आणि मग माझं जांभळं लुगडं मागितलं! माहेरचं होतं. दिलं.

१४ नोव्हेंबर

मुलगा. परवापर्यंत उठून बसवत नव्हतं. धाकट्याची बढती झाली, तो आता मधला. पण "मधल्या" म्हटलं की पाहतच नाही. त्याला अजून कळलं नाही की तो मधला आहे. त्याचं तरी काय चुकलं?

२२ नोव्हेंबर

झालं बारसं! आत्याच्या पाठीवर धपाटे घालायला बायका टपूनच होत्या. शकुंतलाबाई पाळण्यात वाकल्या, बाळाच्या कानात कुर्र केलं आणि मग मोठ्याने म्हणाल्या — मनीराम. धपाटे पडले, पण सासूबाईंचा सगळ्यांच्या नंतर पडला आणि तो काही रीतीचा नव्हता. घुगऱ्या वाटणारी शेजारची वच्छला ओंजळ तशीच धरून उभी.

मग सासूबाई माझ्याकडे वळल्या. "कोनाचं नाव होय हे?"

"कोणाचंच नाही," मी म्हटलं. "ह्याचंच."

हे छपराकडे पाहत होते. सासूबाई मागच्या खोलीत गेल्या. शकुंतलाबाईंनी संध्याकाळची गाडी धरली, लुगड्यासकट.

२५ नोव्हेंबर

सासूबाई बाळाला घेत नाहीत, पाहतसुद्धा नाहीत. मला काही वाटत नाही असं लिहिणार होते, पण खोटं कशाला? वाटतं. फार वाटतं.

बाकी मी मात्र दिवसभर हाका मारून राहिले. मनीराम! तो कुशीतच असतो, हाक मारायची गरजच काय? तरी मारते. गळा बसला.

२९ नोव्हेंबर

दुपारी डोळा लागला. जाग आली तर कुशीत बाळ नाही! मग ओसरीवरून आवाज आला.

"मनीराम. ए मनीराम. कोन हाय रे तू? मनीराम हाय का रे?"

सासूबाई. थांबेचनात. घरात तीन नातू, पण आजवर एकालाही नावाने हाक मारली नव्हती बाईने. मी दारात उभी राहिले. त्यांनी पदराने डोळे पुसले, बाळ काही दिलं नाही.

"पुढच्याचं बी असंच ठेवजो, सूनबाई," म्हणाल्या. "घरातलं नोको."