डावा ब्रेक

३ जाने.
सहा वर्षं घरीच बांधलेलं विमान आज शेडबाहेर. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. बायको, निर्मला, शेजारच्या सीटवर. आपल्याच वावरातली मुरूम दाबलेली पट्टी, उडायचं नव्हतं, नुसतं पळवून पाहायचं. अर्ध्यावर दोन्ही ब्रेक दाबले. उजवा लागला. डावं पेडल पार खाली गेलं, रिकामंच. विमान उजवीकडे वळलं, थेट विहिरीकडे. इंजिन बंद केलं. दहा पावलं राहिली होती.
निर्मला उतरली, विहिरीत डोकावली. "पाणी चांगलं हाय औंदा." एवढंच बोलली. 

५ जाने.
नळीत हवा असणार. ट्रॅक्टरची काढतो तशीच काढली. नि. पेडल दाबते, मी चाकाजवळचा हवा सोडायचा निपल सैल करतो. पेडल कडक झालं. तासाभरानं पुन्हा लोणी.

६ जाने.
आता नवीनच. डावं पेडल दाबलं की वर येत नाही, चाक जाम. पाना भिरकावला. तुरीत शोधायला नि.च गेली.

८ जाने.
वाशीमहून बळीरामकाकांना आणलं. एसटीत जन्मभर ब्रेकचं काम केलं, आता रिटायर. विमानाचं कौतुक नाही, आधी फळीवरच्या बाटल्या हुंगल्या.
"हे जीपच्या ब्रेकचं तेल कायले ठेवलं इथं?"
"डावीकडचं जरा कमी झालं होतं, थोडं टाकलं."
"अन् उजवीकडं?"
"तिकडं विमानाचंच. लाल."
काकांनी पेडलजवळचा डावा सिलिंडर खोलायला लावला. आतल्या रबरी रिंगा भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या फुगलेल्या.
"हे रबर लाल तेलातच जगते, गड्या."
घाईत हाताला लागली ती बाटली ओतली होती. चूक माझी. इथं लिहून ठेवतो.

१५ जाने.
नव्या रिंगा आल्या. चाकाजवळच्याही बदलल्या. डावी नळी स्पिरिटनं धुतली, वाळवली, लाल तेल भरलं. हवा काढली. तरी पेडल नरमच. नि. चहा घेऊन आली, उभ्यानं पाहत राहिली.
"हवा वर जाते नं? मंग तुमी तिले खाली कायले ओढून राह्यले? तेल खालूनच भरा."
काकांनी कप खाली ठेवला. "बरोबर बोलून राह्यली सूनबाई."
तेलाच्या कुपीची नळी चाकाच्या निपलला लावली, हळूहळू तेल वर ढकललं. वरच्या सिलिंडरात बुडबुडे, बुडबुडे... मग नुसतं लाल तेल. पेडल दगड.

१६ जाने.
सकाळी उठल्या उठल्या दाबून पाहिलं. दगडच.

१८ जाने.
पळवलं. यावेळी जोरात. दोन्ही ब्रेक एकदम दाबले. सरळ थांबलं! मुरमावर चाकांच्या दोन रेघा, सुतानं आखल्यासारख्या. नि. त्या रेघांच्या मधून शेवटपर्यंत चालत आली. काकांनी टोपी काढली, पुन्हा घातली, म्हणाले, "अजून एकदा." चारदा केलं. चौथ्यांदा पुढचं चाक क्षणभर जमिनीवरून सुटलं. मी ओरडलो बहुतेक. घसा बसलाय.

२१ जाने.
उड्डाणाच्या परवानगीचे कागद पाठवले. कधी येते पाहू. नि.नं तिच्या सीटसाठी गादी शिवली, निळी. "पोहरादेवीवरून न्या मले. देऊळ वरून कसं दिसते ते पाहाचं हाय."
पहिलं उड्डाण एकट्यानंच करायचं, असा नियम आहे. तिला अजून सांगितलेलं नाही.